कपाट नंबर तीन

माझं अक्षर बरं, म्हणून
शनिवारी सकाळच्या शाळेत, परिपाठ उरकला की
शिक्षक खोलीतला फळा माझ्याकडे असतो.
वर तारीख. उजवीकडे पट.
मग 'आपल्या शाळेत या आठवड्यात':

हत्तुरे सर मतदारयादीच्या कामावर, बुधवारपर्यंत.
त्यांचे दोन तास मणियार बाई घेतील.
(मणियार बाईंना हे फळ्यावरच कळतं.)
बिराजदार बाईंची मुलगी तलाठी झाली.
पेढे मधल्या सुट्टीत.
सोमवारी पाणी येणार, पाचव्या दिवशीचं,
त्या सकाळी उशीर झाल्यास लाल शेरा नाही.
हे मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितलं,
मी लिहिलं,
आणि त्यांनी पुसायला लावलं.

खाली चौकट. चौकटीत मानकरी.
सत्कार म्हणजे एक गुलाब, आवारातलाच,
आणि टॉवेल. सोलापुरात दुसरं काय देणार.
टॉवेल एकच आहे.
निळा, पांढऱ्या चौकड्यांचा.
खांद्यावर घालायचा, फोटो काढायचा,
टाळ्या थांबल्या की जुन्याच रेषांवर घडी घालून
कपाट नंबर तीनमध्ये परत.
दोन वर्षं झाली. सगळ्यांना माहीत आहे.
मला तो तीनदा मिळालाय,
एकदा तर नुसता फळा लिहितो म्हणून.

या खेपेला नाव आलं नरसव्वा कोंडा यांचं.
खिचडी शिजवतात.
'यांचं' लिहिताना खडू जरा अडला,
आम्ही तिला अगं म्हणतो.

झालं होतं असं:
चौथीच्या पटावर अडतीस, हजेरीत अडतीस,
आणि तिची पळी रोज सदतिसाव्या ताटलीला थांबायची.
नऊ दिवस.
हजेरी माझी होती.
दहाव्या दिवशी पातेली घासून
ती थेट विडी घरकुलात गेली.
लावण्या उंबऱ्याशी, मांडीवर सूप,
पानं कातरत आईच्या हजार विड्या पुऱ्या करत होती.
आईशी काय बोलली, तेलुगूत बोलली,
मला कुणी सांगितलेलं नाही.
पोरगी आली.
वही तपासायला घेतली तर पानांना तंबाखूचा वास.

चौकटीत मी एवढंच लिहिलं:
'विद्यार्थी उपस्थितीसाठी विशेष प्रयत्न.'
मग हात झटकत राहिलो बराच वेळ,
खडू कधीच पडून गेला होता.

टॉवेल घातला. टाळ्या.
मणियार बाईंनी फोटो घेतला, पुन्हा घेतला,
पहिल्यात नरसव्वाचे डोळे मिटले होते.
मग आम्ही थांबलो, रीतीप्रमाणे.
तिनं टॉवेल उतरवला,
काठ चिमटीत धरून उजेडाकडे केला.
बावीस वर्षं कांड्या भरलेली बाई.
"इथं कांडी बदलताना घाई केलाय बघा कुणीतरी.
पण सूत चांगलंय की ओ. पाणी धरतंय."
आणि घडी सगळी मोडून,
पुन्हा आपल्या पद्धतीनं घालून
पिशवीत ठेवला, डब्याशेजारी.

बिराजदार बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी मुख्याध्यापकांकडे.
मुख्याध्यापक किल्लीकडे.
"येते," ती म्हणाली, "तांदूळ निवडायचाय."
गुलाब टेबलावरच राहिला.

सोमवारी पाणी आलं, सगळेच उशिरा.
मी तिच्या गल्लीतून येतो.
दारासमोर घागरी, बादल्या, एक रिकामा रंगाचा डबाही भरलेला,
आणि दोरीवर तो टॉवेल, ठिबकत,
दोन वर्षांत पहिल्यांदा ओला.
शाळेत मी कुणाला बोललो नाही.

आता शनिवारचा फळा.
हत्तुरे सर परतले.
चौथी: पटावर अडतीस, पळीला अडतीस.
(हे मी लिहिलंय. अजून कुणी पुसायला सांगितलेलं नाही.)
नवीन टॉवेलसाठी वर्गणी मणियार बाईंकडे द्यावी.
माणशी किती,
ते एक घ्यायचा की दरवेळी वेगळा
यावर अवलंबून आहे,
म्हणून तिथं जागा सोडलीय.